कंपनीत रिसर्चवाल्या मॅडम आल्यात, शेजारी बसून सगळं बघतात. हे नक्की काय असतं?

अंबडचा_क्यूसी

राम राम मंडळी. अंबड एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, नाव विचारू नका. ब्रेकचे कास्टिंग पार्ट मशिनिंग करून पुढं मोठ्या गाडीवाल्यांना जातात. आधी फायनल इन्स्पेक्शनला लांब टेबल होतं, ट्यूबलाइटखाली बसून पोरं-पोरी पीस हातात फिरवून ब्लो होल (ओतकामात हवेनं राहिलेलं भोक), डेंट, बर (मशिनिंगनंतर कडेला राहिलेली धार), क्रॅक बघायची. आता तिथं कॅमेरा बसवलाय, एआयवाला. पीस खालून सरकतो, सॉफ्टवेअर फोटो काढतं, डाउट आला की स्क्रीनवर लाल चौकोन, मग शेजारी बसलेल्यानं ओके किंवा एनजी (नॉट गुड, म्हणजे खराब) दाबायचं. टेबलावरची निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्या लाइनला गेली.

आता गंमत बघा, कूलंटचा डाग राहिला तरी लाल, तेल चमकलं तरी लाल, फाउंड्रीनं (ओतकाम करणाऱ्यांनी) शॉट ब्लास्टिंग, म्हणजे छर्रे मारून पीस साफ करणं, जरा वेगळं केलं की अख्खा लॉट लाल. पोरं काय करणार, ओके ओके ओके दाबत सुटतात, नाहीतर लाइन तुंबते आणि सुपरवायझर डोक्यावर येऊन उभा राहतो. मध्ये एक ब्लो होलवाला पीस तसाच कस्टमरकडे गेला, तिकडून ८डी (चूक का झाली आणि परत होऊ नये म्हणून काय करणार याचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट) मागितली, आणि मीटिंगमध्ये रूट कॉज काय लिहिलं तर ऑपरेटरचा निष्काळजीपणा. कॅमेऱ्याला कोणी चकार शब्द बोललं नाही.

त्यानंतर आता या पीएचडीवाल्या मॅडम येतायत. इंटेलिजंट सिस्टिम आणि माणूस-मशीन इंटरॅक्शन असा काहीतरी विषय आहे. पोरांच्या शेजारी स्टूल टाकून बसतात, वहीत लिहितात, मध्येच विचारतात की "आत्ता तुम्ही काय बघितलं आणि ओके का दाबलं", एकाला कसलातरी चष्मा घालायला दिला, शिफ्ट संपली की एक फॉर्म देतात त्यात आडव्या रेघा असतात आणि त्यावर खूण करायची. स्वभावाला चांगल्या आहेत, चहा आमच्याबरोबरच टपरीवर घेतात. पण कॉन्ट्रॅक्टवाली पोरं टरकलीत, म्हणतात या आपली माणसं मोजायला आल्यात, उरलेली पण काढणार. मला विचारतायत खरं सांगायचं का नीट वागून दाखवायचं. मला तरी काय माहिती. कोणाला याची माहिती असेल तर सांगा, हे लोक नक्की काय शोधतात?

सिडको_पाचवी_स्कीम

एक शब्द बोलू नका. हे नवीन नाहीये भाऊ. टेलर नावाचा अमेरिकन इंजिनिअर होता, स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागं उभा राहायचा. १९११ च्या त्याच्याच पुस्तकात आहे की बेथलेहेम स्टीलमध्ये माणूस दिवसाला साडेबारा टन लोखंड गाडीत भरायचा तो याच्या "शास्त्रशुद्ध" पद्धतीनं साडेसत्तेचाळीस टन भरायला लागला, आणि पगार किती वाढला तर १.१५ डॉलरवरून १.८५. काम जवळपास चौपट, पगार दीडपट आणि थोडा वर. वहीवाला माणूस कामगाराशेजारी बसला की शेवटी हेच होतं, चष्मा नवीन आला एवढंच. मी ट्रेड युनियनमध्ये बरीच वर्षं काढलीत, गोड बोलणारे जास्त बघितलेत.

नाशिकरोडची_पोर

क्यूसी दादा, मी त्या मॅडमच्याच विषयात आहे, पीएचडी मुंबईला चालू आहे, घर नाशिकरोडला. सिडकोवाल्या दादांची शंका रास्त आहे त्याच्यावर शेवटी येते, आधी त्या मॅडम काय करतायत ते सांगते, म्हणजे तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून.

हा विषय एआयच्या कितीतरी आधीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात रडारवर बसणारी माणसं थोड्या वेळानं स्क्रीनवरचे ठिपके चुकवायला लागायची, म्हणून इंग्लंडमध्ये नॉर्मन मॅकवर्थनं घड्याळासारखं एक यंत्र बनवलं, काटा एकेक घर पुढं जातो आणि कधीतरीच एकदम दोन घरं उडी मारतो, ती उडी पकडायची. दोन तास बसवायचे. १९४८ मध्ये त्यानं छापलं की पहिल्या अर्ध्या तासातच माणसाच्या हातून उड्या निसटायला लागतात. म्हणजे क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट बघत एकटक बसणं हे कामच माणसाला झेपत नाही, त्यात आळशीपणाचा काही संबंध नाही. आणि तुमची कंपनी पोरांना बरोबर तेच काम देऊन बसलीये.

दुसरं एक तुमच्या ८डीला चिकटवण्यासारखं आहे. जेरेमी वुल्फ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये नेचर मासिकात एक प्रयोग छापला. लोकांना स्क्रीनवर पसाऱ्यातून एक वस्तू शोधायला दिली. वस्तू निम्म्या वेळा असायची तेव्हा लोक ७ टक्के चुकवायचे, तीच वस्तू शंभरात एकदाच ठेवली तेव्हा ३० टक्के चुकवायला लागले. माणसं तशीच, डोळे तसेच. फक्त वस्तू दुर्मीळ झाली. तुमच्या लाल चौकोनांपैकी खरा खराब पीस किती दुर्मीळ आहे ते आधी बघा, मग निष्काळजीपणा लिहा.

आणि आडव्या रेघांचा फॉर्म म्हणजे बहुतेक टीएलएक्स असणार, नासामधल्या हार्ट आणि स्टेव्हलँड यांनी बनवला, १९८८ ला छापून आला. सहा रेघा असतात: डोक्याला ताण किती, अंगाला किती, वेळेची घाई किती, काम किती नीट झालं, कष्ट किती घ्यावे लागले आणि वैताग किती आला. पोरांना एक सांगा, त्यातली "काम किती नीट झालं" ही रेघ बाकीच्यांपेक्षा उलटी असते, डावीकडं उत्तम आणि उजवीकडं फसलं. घाईत खूण करणारे तिथं नेहमी उलटं मारतात आणि मग आकडेवारी वेड्यासारखी येते. चष्मा म्हणजे आय ट्रॅकर, नजर स्क्रीनवर कुठं कुठं थांबली ते नोंदवतो, मनातलं वगैरे काही वाचत नाही.

यात मोजमाप माणसाचं एकट्याचं होत नसतं, माणूस आणि मशीन या जोडीचं होतं. तो फॉर्म भरून "रमेश स्लो आहे" असं काही निघत नाही, "हा स्क्रीन असा ठेवला तर बसणाऱ्याचा वैताग इतका, तसा ठेवला तर इतका" असं निघतं.

पॅनेलवाले_काका

नाशिकरोडच्या ताई छान लिहिलंत. मी रिटायर्ड, आयुष्य वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेलं, आता गंगापूर रोडला सकाळी फिरतो आणि दुपारी हे वाचतो.

क्यूसीसाहेब, तुमचा लाल चौकोन म्हणजे आमचा हूटर. युनिट ट्रिप झालं (वीज बनवणारा संच एकदम बंद पडला) की पॅनेलवरच्या अलार्मच्या खिडक्या अशा पेटायच्या की कुठली आधी पेटली तेच कळायचं नाही, आणि पहिलं काम काय तर ॲक्नॉलेज बटण दाबून तो आवाज बंद करणं, कारण त्या आवाजात डोकंच चालत नाही. बाहेरच्या माणसाला वाटेल हा अलार्म न बघताच दाबतोय. ब्रिटनमध्ये वेल्सला मिलफर्ड हेवन रिफायनरीत १९९४ च्या जुलैमध्ये स्फोट झाला, चौकशीत निघालं की स्फोटाआधीच्या शेवटच्या ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. मिनिटाला पंचवीस. वाचायला तरी वेळ मिळतो का सांगा. त्यानंतर अलार्मसाठी गाइडलाइन आल्या, त्यात नेहमीच्या कामकाजात दहा मिनिटांना सरासरी एक अलार्म एवढंच बरं असं धरलंय.

आणि थ्री माइल आयलंड तर आम्हाला ट्रेनिंगमध्येच होतं. अमेरिका, मार्च १९७९, अणुभट्टी. एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडा अडकून राहिला आणि पाणी निघून जात राहिलं. पॅनेलवर त्या व्हॉल्व्हचा दिवा होता, आणि तो दिवा विझलेला होता. ऑपरेटर समजले व्हॉल्व्ह बंद झाला. पण तो दिवा व्हॉल्व्ह बंद झालाय हे दाखवतच नव्हता, बंद हो असा सिग्नल गेलाय एवढंच दाखवत होता. मशीननं हुकूम सोडला म्हणजे काम झालं असं ज्यानं पॅनेल काढलं त्यानं धरून टाकलं. आधी बोट ऑपरेटरांकडंच होतं बरं का, नंतर चौकशीत कंट्रोल रूमची मांडणीही बाहेर आली आणि मग जगभर या विषयाला पैसा आणि मान मिळाला. तेव्हा तुमच्या मॅडम ज्या कुळातल्या आहेत ते कुळ ऑपरेटरच्या बाजूनं उभं राहिलेलं आहे, निदान माझा तरी अनुभव तसा. माझ्या काळात कोणी शेजारी स्टूल टाकून विचारलं असतं तर मी शिफ्ट संपल्यावरही बसलो असतो.

नाईट_ड्युटी_सिस्टर

आयसीयूत आहे. मॉनिटर रात्रभर बोंबलत असतो, पेशंटनं कूस बदलली की बोटाची क्लिप सरकते आणि ऑक्सिजन कमी दाखवतो. आम्ही आवाजावरून ओळखतो खरा कुठला. नवीन मुलींना ते येत नाही आणि कुठं लिहिलेलं पण नाही. काकांचं पटलं. आमच्याकडं पण कोणीतरी स्टूल टाकून बसा म्हणावं.

सिडको_पाचवी_स्कीम

काका, अणुभट्टीची गोष्ट वेगळी, तिथं चूक झाली तर मालक पण मरतो म्हणून ऑपरेटरचं ऐकलं. इथं ब्रेकचा पार्ट आहे, मालकाला पीपीएम (दहा लाखांत खराब पीस किती) आणि हेडकाउंट दोनच कळतं.

अंबडचा_क्यूसी

सगळ्यांना थँक्यू. सिस्टर तुमचं एकदम बरोबर, आमच्यातली एक ताई आहे जुनी, ती कॅमेऱ्यानं लाल दिलेला पीस उचलते, नखानं घासते आणि सांगते डाग आहे का होल आहे. पण आता स्टँडर्ड ऑपरेटिंग प्रोसिजरमध्ये लिहिलंय पीस उचलायचा नाही, स्क्रीनवर बघूनच दाबायचं, सायकल टाइम वाढतो म्हणून. मॅडमनी त्या ताईला खूप वेळ विचारलं, मला तेव्हा वाटलं उगाच टाइमपास चाललाय.

ताई एक विचारायचं होतं, कॅमेरेवाली कंपनी म्हणते आमचं ॲक्युरसी अठ्ठ्याण्णव टक्के. मग इतके फालतू लाल का येतात?

नाशिकरोडची_पोर

दादा कागद घ्या. आकडे मी उदाहरणादाखल धरतेय, तुमचे खरे तुम्ही टाका. समजा १०,००० पीस गेले, त्यात खरोखर खराब २०. कॅमेरा चांगला आहे, २० पैकी १९ पकडतो. आणि चांगल्या पिसांपैकी फक्त २ टक्क्यांना चुकून लाल देतो. चांगले ९,९८०, त्याचे २ टक्के म्हणजे जवळपास २००. आता पोरासमोर लाल किती आले? २१९. त्यात खरे १९. म्हणजे अकरा-बारा वेळा लाल लागतं तेव्हा एकदा खरं असतं. अठ्ठ्याण्णव टक्के पण खरं आणि पोराचा अनुभव की हे नेहमी खोटं बोलतं तो पण खरा. लांडगा आला रे ऐकून ऐकून माणूस ओके दाबायला लागला तर तो त्याच्या बाजूनं हिशेबानंच वागतोय.

यावर राजा परासुरामन आणि व्हिक्टर रायली यांचा १९९७ चा पेपर आहे, या विषयातला प्रत्येक जण तो वाचतो. त्यांनी ऑटोमेशन वापरण्याचे चार प्रकार केले. एक, नीट वापर. दोन, नको तितका भरवसा, म्हणजे मशीन गप्प आहे ना मग सगळं ठीकच असणार. तीन, खोट्या अलार्मला कंटाळून मशीनकडं दुर्लक्ष, हे तुमची पोरं. आणि चौथा प्रकार त्यांनी डिझायनर आणि मॅनेजर लोकांच्या नावावर लिहिलाय: माणसाचं काय होईल याचा विचार न करता ऑटोमेशन लादणं. तुमच्या मीटिंगमध्ये तिसरा प्रकार दिसला आणि त्याच्यावर नाव लिहून फाइल बंद केली, चौथा कोणी काढलाच नाही.

आणि नखावाल्या ताईचं, तो टाइमपास नाही हो, तोच तर ऐवज आहे. झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातल्या रिसर्च सेंटरमध्ये लुसी सचमन नावाच्या बाई होत्या, मानववंशशास्त्रवाल्या. कंपनीनं एक हुशार कॉपी मशीन केलं होतं, स्वतःच सूचना देणारं, तरी लोकांना ते जमेना. त्यांनी लोकांना जोडीनं मशीनसमोर उभं केलं आणि व्हिडिओ काढले, मग दोन रकाने मांडले, माणसं काय बोलतायत आणि करतायत ते एकीकडं, आणि मशीनला त्यातलं काय कळतंय ते दुसरीकडं. मशीनचा रकाना जवळपास रिकामा. त्याला फक्त कुठलं बटण दाबलं, कुठलं झाकण उघडलं एवढंच कळायचं, माणसं गोंधळलीत, वाद घालतायत, चुकीची पायरी बरोबर समजून पुढं चाललीत हे त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. १९८७ ला त्यांचं पुस्तक आलं. तुमच्या कॅमेऱ्याच्या रकान्यात पण तेवढंच आहे, फोटो आणि ओके-एनजी. फाउंड्रीचा लॉट बदललाय, कालपासून कूलंट पातळ झालंय, होलची कड नखाला लागते आणि डागाची लागत नाही, हे त्याच्याकडं नाही. "आत्ता काय बघितलं" असं मॅडम विचारतायत ते हा रकाना भरायला विचारतायत.

त्यात आणखी वाईट काय होतं सांगू का, पोरं जे ओके दाबतात तोच डेटा परत सॉफ्टवेअरला शिकवायला वापरला तर कंटाळून दाबलेलं ओके हे पण खरं ओके म्हणून आत जातं. तुमच्या व्हेंडरला हे नक्की विचारा, री-ट्रेनिंगला कुठला डेटा घेता म्हणून.

दिंडोरी_द्राक्ष

मी शेतकरी आहे पण विषय आमचाच निघाला. बागेत वेदर स्टेशन बसवलंय, पान किती वेळ ओलं राहिलं ते सेन्सर मोजतं आणि मोबाइलवर येतं की डावणीचा (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) धोका जास्त, फवारणी घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लागला की दर दोन दिवसांनी लाल. वडील म्हणतात याचं ऐकून फवारत बसलो तर औषधाच्या दुकानदाराचा बंगला होईल. ते सकाळी बागेत जातात, पानाची खालची बाजू उलटी करून बघतात, आणि ठरवतात.

पण मला ॲपवाल्यांचं पण कळतं. फुकट फवारणी झाली तर एका फवारणीचे पैसे गेले, आणि डावणी चुकली तर घडासकट प्लॉट गेला. तर ते धोका वाढवूनच सांगणार ना. त्यांचं गणित त्यांच्या जागी. माझं गणित वेगळं आहे कारण मला युरोपला माल द्यायचाय, तिथं औषधाचे अंश तपासतात, जास्त फवारून चालत नाही. मग ती लाल रेषा कुठं ओढायची हे त्यांनी परस्पर का ठरवायचं? मी त्यांच्या पोराला सांगितलं मला धोका जास्त-कमी असं रंगात सांगू नको, पान किती तास ओलं राहिलं ते सांग आणि टेंपरेचर सांग, बाकी मी आणि म्हातारा बघून घेतो. त्यानं दिलं सेटिंग करून. आता वडील स्वतः मोबाइल मागून घेतात सकाळी, चष्मा लावून तास बघतात आणि मग बागेत जातात. आधी हातात पण धरत नव्हते.

क्यूसी भाऊ तुमच्याकडं ती लाल रेषा कोणी ओढलीये?

अंबडचा_क्यूसी

हे कोणी विचारलंच नव्हतं. कस्टमर कम्प्लेंटनंतर क्वालिटी हेडनं व्हेंडरला फोन करून सेन्सिटिव्हिटी वाढवून घेतली एवढं माहितीये, त्यानंतरच लाल जास्त वाढले. पासवर्ड आमच्याकडं नाही.

नाशिकरोडची_पोर

दिंडोरीवाल्या दादांनी जे केलं ते आमच्याकडं पेपरात आकृत्या काढून सांगतात. सेन्सिटिव्हिटी वाढवली की सुटणारे कमी होतात आणि फालतू लाल वाढतात, दोन्ही एकदम कमी करायचं असेल तर फोटोच चांगला लागतो, लाइटचा अँगल, पीस पुसून येणं, तेल निथळणं. म्हणजे कम्प्लेंटवर उपाय म्हणून जे केलं त्यानं पोरं आणखीच ओके दाबायला लागली. हे मॅडमना सांगा, क्रमवार सांगा, तारीख असेल तर तारखेसकट.

थर्डइयर_मेक

मध्येच विचारतो, सॉरी. मेकॅनिकलला आहे, नाशिकमध्येच. हे शिकायचं असेल तर कुठं? कोडिंग लागतं का?

नाशिकरोडची_पोर

आयआयटी मुंबईत आयडीसी आहे, १९६९ पासून चालू असलेलं डिझाइन स्कूल, तिथं इंटरॅक्शन डिझाइनला एम. डेस. (डिझाइनची मास्टर्स) आहे, सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मोबाइलवर मराठी टाइप करायला स्वरचक्र कीबोर्ड वापरला असशील तर तो तिथलाच. कोडिंग थोडं हवंच, पण त्याहून जास्त स्टॅटिस्टिक्स, आणि समोरच्याला बोलू देऊन गप्प बसायची सवय. मेकवाल्याला खरं तर फायदा आहे, लाइनवर उभा राहिलेला असतोस.

थर्डइयर_मेक

थँक्स ताई. २०२७ च्या सिंहस्थाला पण गर्दीवर एआय कॅमेरे लावणार म्हणे, त्यात पण हेच येईल ना?

पॅनेलवाले_काका

येणारच. कॅमेरा गर्दी मोजेल, त्यात विशेष नाही. स्क्रीन लाल झाल्यावर रामकुंडाकडं उतरणाऱ्या गल्लीच्या तोंडावर जो हवालदार उभा आहे त्याच्यापर्यंत काय पोचतं, किती वेळात पोचतं, आणि त्याला लोक मागं वळवायचा अधिकार आहे का साहेबाला विचारायला लागतं, हे कोणी आत्ता बसून बघितलं पाहिजे. २००३ च्या कुंभमेळ्यातली इथली चेंगराचेंगरी ज्यांनी बघितली त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. असो, धाग्याचा विषय तो नाही.

सिडको_पाचवी_स्कीम

सगळं ज्ञान ऐकलं, चांगलं आहे, खोटं म्हणत नाही. पण माझा प्रश्न तसाच आहे. मॅडम नोंदी काढणार, ताईचं नखाचं गुपित वहीत जाणार, उद्या व्हेंडर त्याच्यावर चांगला लाइट आणि चांगला कॅमेरा बसवणार आणि ताईला सांगणार उद्यापासून येऊ नका. नाशिकरोडच्या ताई याचं उत्तर द्या, शेवटी येते म्हणाला होतात.

नाशिकरोडची_पोर

हो, टाळत नाहीये. होऊ शकतं. या विषयानं ते थांबवता येईल असं मी सांगणार नाही.

बेनब्रिज नावाच्या बाईंचा १९८३ चा एक छोटा पेपर आहे, ऑटोमेशनमधल्या विसंगतींवर, त्यात त्या म्हणतात की सोपं काम मशीन घेऊन जातं आणि जे मशीनला जमत नाही तेवढं माणसाकडं उरतं, म्हणजे माणसाला रोजचा सराव नाही पण अवघड प्रसंगी तोच हवा. तुमच्याकडं पाच वर्षांनी नवीन कास्टिंग आलं, नवीन प्रकारचा डिफेक्ट आला, आणि पीस हातात धरून ओळखणारं कोणी उरलेलंच नाही, असं होणार. हे मॅनेजमेंटला पटवता येतं कारण त्यात त्यांचाच तोटा आहे. पण पटेलच असं नाही, दादा म्हणतात तसं हेडकाउंट लगेच दिसतं आणि तो तोटा उशिरा दिसतो.

आता रिसर्चचं. कुठल्याही बऱ्या संस्थेत माणसांवर अभ्यास करायचा तर एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि प्रत्येकाची लेखी संमती. क्यूसी दादा, पोरांना हे विचारायला सांगा: संमतीचा कागद मराठीत आहे का, नाही म्हटलं तर सुपरवायझरला कळणार का, मध्येच सोडता येतं का, नावं कुठं लिहिली जातात, व्हिडिओ किती दिवस ठेवणार, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंपनीला काय देणार, कच्च्या नोंदी का फक्त एकत्रित रिपोर्ट. दोन माणसांच्या स्टेशनवर एकत्रित म्हटलं तरी कोण ते कळतंच, हे पण विचारा. याचं उत्तर त्यांना देता आलं नाही किंवा त्या चिडल्या तर सिडकोवाल्या दादांचं ऐका आणि बोलू नका. नीट वागून दाखवायचं मात्र करू नका, त्यानं कॅमेरा छान चाललाय असा रिपोर्ट जाईल आणि पुढच्या कम्प्लेंटला परत नाव ऑपरेटरचंच.

अंबडचा_क्यूसी

अपडेट देतो. आज जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर विचारलं. कागद मराठीत होता, सह्या पहिल्याच दिवशी घेतल्या होत्या, पोरांनी न वाचता केल्या होत्या. नावं लिहीत नाहीत, नंबर आहेत, नंबरांची यादी संस्थेत त्यांच्या गाइडकडं. मॅनेजमेंटनं माणसानुसार आकडे मागितले होते, त्यांनी नाही दिले म्हणाल्या. दोन माणसांच्या स्टेशनचं विचारल्यावर मात्र थोडं थांबल्या, म्हणाल्या हा मुद्दा बरोबर आहे, तिन्ही शिफ्टचं एकत्र करूनच देईन आणि द्यायच्या आधी तुम्हाला दाखवेन. चिडल्या नाहीत.

सेन्सिटिव्हिटीची तारीख मी ईमेलमधून काढून दिली. त्या दिवसाच्या आधीचे आणि नंतरचे लाल किती ते सॉफ्टवेअरच्या लॉगमध्ये असणार, त्या मागवणार आहेत. आणि नखावाल्या ताईनं स्वतःच सांगितलं की मी दाखवते पण रिपोर्टमध्ये पीस उचलायची परवानगी परत द्या असं लिहा, तरच.

सिडको_पाचवी_स्कीम

ती ताई युनिअनमध्ये आली तर बरं होईल. लिहून घ्या म्हणावं, तोंडी नको. आणि तिन्ही शिफ्टचा रिपोर्ट आला की इथं सांगा, मला पण बघायचाय.